रेनकोटची गांडुळं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो रेनकोट शिजवत होता.

खोटं नाही सांगत. पैनगंगेच्या काठी, आमच्या तांड्याच्या उताराजवळ तीन दगडांची चूल मांडलेली, चुलीवर डालड्याचा डबा, डब्यात बारीक कातरलेला निळा रेनकोट... आणि समोर उकिडवा बसलेला एक उंच पोरगा, धुरानं डोळे लाल झालेले. हातातल्या बाभळीच्या काडीनं तो डबा ढवळत होता, घरी पाहुणे जेवायला यायचे असावेत इतक्या काळजीनं.

साल चौसष्ट. आषाढ नुकताच लागला होता. ढाणकीच्या अलीकडे नदीवर पूल बांधायचं काम निघालं होतं, पण पुरामुळं नदीतलं सगळं थांबलेलं. काठावर लोखंडी सळया कापायचं आणि बांधायचं काम तेवढं चाले, तेही दुपारपर्यंत. मी रोज दुपारी मामाच्या चार बकऱ्या पाण्यावर न्यायची. त्या दिवशी बकऱ्या पाण्यापर्यंत गेल्या, नाकं फेंदारली आणि माघारी फिरल्या. वासच तसा होता!

"ओ पूलवाले!" मी वरूनच ओरडले. "काय शिजवून राह्यले तुमी? माह्या बकऱ्या पाण्याले तोंड लावून नाई राह्यल्या!"

तो असा दचकला, की काडी डब्यातच पडली.

"गांडूळ," तो म्हणाला.

"काय?"

"गांडूळ करून राह्यलो... पलाष्टिकचं."

मला हसू आवरेना. नदीकाठची माती एक हात उकरली तर ओंजळभर गांडुळं निघतात, आणि हा शहाणा रेनकोट वितळवून गांडूळ करत होता! पण तो हसला नाही. उठून उभा राहिला, नजर खाली, पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत. खिशातून एक चिंधी काढली, ती उलगडली आणि मला न देता दगडावर ठेवून दोन पावलं मागे सरकला. चिंधीत बोटाएवढी एक मऊ, तपकिरी वस्तू होती. अंगभर वळ्या. एका बाजूनं फाटलेली.

"ओव्हरशियर सायबाचं हाये. विलायती, गळाले लावाचं. शिंगाळ्यानं तोडलं, मंग सायबानं मले देऊन टाकलं," तो वाळूलाच सांगत होता. "या गढूळ पाण्यात शिंगाळ्याले काईच दिसत नाई. तो वासावर येते. पिठाची गोळी लावली तं धारेत इरघळून जाते. खरं गांडूळ लावलं तं बारके मासे कुरतडून खातात. पण याच्या वळ्यात वासाचा लगदा भरला, का तो टिकते... या डोहात एक शिंगाळा हाये. एवढा."

त्यानं हात पसरले. शिंगाळा म्हणजे मिशांचा मासा, अंगावर एक खवला नाही, तळ धरून राहणारा. त्यानं दाखवलेल्या मापाचा शिंगाळा आमच्या डोहात असता तर आमचा तांडा कधीच दुसरीकडे उठून गेला असता. पण हे मी बोलले नाही. त्याचे हात पाहत राहिले. सळया बांधून खरबरीत झालेले, आणि तरी त्या फाटक्या किड्याला किती हळू धरणारे.

"तुमी... कोनाच्या घरच्या?" त्यानं विचारलं.

"नाईकाच्या."

"म्हंजे बाबूसिंग राठोडाच्या?"

"व्हय."

आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. छातीवरचं ओझं उतरावं तसा श्वास सोडला त्यानं. "मंग तं तू भेनच झाली! मी बी राठोडच. धावजी. पल्याडच्या काठावरच्या तांड्यातला." असं म्हणून तो खुशाल दगडावर बसला, समोरचा दगड मला दाखवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

आता इथं थोडं सांगायला हवं. आम्ही गोरमाटी, लोक बंजारा म्हणतात. आमच्यात एका गोताची पोरगी म्हणजे बहीण. मग ती चार कोसांवरच्या तांड्यातली का असेना, तिची-त्याची सात पिढ्यांत गाठ पडलेली का नसेना. राठोडाचं लग्न राठोडाशी होत नाही. तसं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आणि मी... मी राठोड नव्हतेच. तांड्याचा मुखिया बाबूसिंग नाईक माझा मामा. माझे बापू धरमसिंग पवार राजूरला कोळशाच्या खाणीत होते. तिथल्या खोल्यांच्या रांगेत तरुण पोरीला ठेवणं नको, म्हणून लग्न ठरेपर्यंत त्यांनी मला मामाकडे ठेवलं होतं. म्हणजे मी पवार. रुपी पवार.

हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं. पण तो इतका आनंदानं बोलायला लागला होता! एवढा वेळ मातीशी बोलणारा माणूस आता माझ्याशी बोलत होता, हातवारे करत, डोळ्यांत पाहत. मी "पवार" म्हटलं असतं, की तो पुन्हा उभा राहिला असता, दोन पावलं मागे सरकला असता आणि दुसऱ्या दिवसापासून चूल मांडायला भलतीच जागा शोधली असती. म्हणून मी तोंड मिटलं. उद्या सांगू, म्हटलं.

तो उद्या काही लवकर उजाडला नाही.

पहिल्या दिवशीची गांडुळं वाकवली की कटकन मोडायची. दुसऱ्या दिवशी मी मामीच्या फडताळातली एरंडेलाची बाटली ओढणीखाली लपवून नेली. "थोडं टाकून पाय," म्हटलं. "चामडं नरम होते तं हे काहून नाई होनार?" धावजीनं मंद विस्तवावर थेंब थेंब सोडलं. त्या दिवशी लगदा मऊ राहिला. मग साच्याची पंचाईत. अंगावर वळ्या कशा आणायच्या? त्याचं उत्तर त्याच्याच खिशात होतं. पुलाच्या कामावरचा आट्यांचा लांब बोल्ट! काठावरची चिकण माती मळून मी तिची भाकरीएवढी वडी थापली, त्यानं बोल्ट आडवा दाबून अलगद उचलला. मातीत वळ्यावळ्यांची नाळी उमटली. उन्हात वाळवली, तेलाचा हात फिरवला, वरून निळा लगदा ओतला... आणि गार झाल्यावर नखानं उचकटलं तर काय, अंगभर वळ्या असलेलं, लुसलुशीत, निळं गांडूळ!

धावजी ते तळहातावर घेऊन हलवून पाहत होता. ते खरंच वळवळल्यासारखं दिसायचं.

"भेनी, तुह्ये हात सोन्याचे हायेत," तो म्हणाला.

सोन्याचे म्हटलं ते आवडलं. भेनी म्हटलं ते नाही.

वासाचा लगदा त्यानं आधीच एका मडक्यात करून ठेवला होता, फार अभिमानानं. मी झाकण काढलं आणि वास घेऊन कपाळावर हात मारला.

"यात मोहाची ढेप टाकली का तू?"

"हो मंग. वास पाय ना कसा सुटला!"

"वास सुटला, अन् मासे उलटे होऊन वर येतीन! मोहाच्या ढेपेनं मासे मरतात, येवढं बी ठाव नाई? डोह नासवतं का?"

तो ओशाळून मडकं दूर खड्ड्यात पुरून आला. मग मी माझी कृती काढली. लहानपणी बापूंच्या मांडीला मांडी लावून नदीवर बसायची, तेव्हाची. ढाणकीच्या बाजारातून खाटकाकडचं बकऱ्याचं रक्त आणायचं, ते गोठलं की मडक्यात घालून चार दिवस मातीत पुरायचं. मग त्यात सरकीची ढेप, ज्वारीचं पीठ, चिमूटभर हिंग. आणि शेवटी मूठभर पिंजलेला कापूस.

"कापूस कायले?" धावजीनं नाक दाबूनच विचारलं.

"धरून ठेवाले. नुसता लगदा पाण्यात सुटून जाते. कापसाचे धागे त्याले सुटू देत नाई."

"तुले लय अक्कल हाये वं!"

"मंग? आत घाल हात. नाक काय दाबून राह्यला नव्या नवरीवानी!"

त्यानं हात घातला. मीही घातला. मडक्याचं तोंड लहान, चार बोटं त्याची, चार माझी... लगदा कालवताना कुठं तरी बोटाला बोट लागायचं. अशा घाणेरड्या वासात कुणाच्या अंगावर शहारा आला असेल तर ती जगात मी एकटीच असेन.

श्रावण लागला. आम्ही बारा गांडुळं केली. रोज दुपारी तो गळ टाकी आणि मी बकऱ्यांकडे पाठ करून गळाच्या दोरीकडे पाहत बसे. तो खूप बोलायचा. पुलाचे खांब किती खोल जातात ते, घरी म्हातारे वडील फुलसिंग लग्नासाठी पाठीमागे लागलेत ते.

"एक पोरगी पायली हाये त्यायनं, दिग्रसकडे," तो एकदा म्हणाला. "मी म्हनलं, माही भेन पाहून घेईन आधी. तिनं हो म्हनलं तं हो. येशील ना तू?"

"येईन ना," मी म्हणाले. "पन माही नजर लय खोडीची हाये. मले कोनीच पसंत पडनार नाई."

"कोनीच?"

"कोनीच."

त्यानं गळाची दोरी उगाच वर ओढून पुन्हा सोडली. मग हळूच म्हणाला, "बरं होईन... नाई पसंत पडली तं." आणि लगेच उठून, काही कारण नसताना, बकऱ्यांना हाकलायला गेला.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले तर हंसामामीनं माझा हात धरून नाकाशी नेला. माझी मामी तशी प्रेमळ, पण तिच्या नाकापुढं पोलीस झक मारतील.

"रुपी, हा वास कायचा?"

"बकरीचा..."

"बकरी हिंग खाते का?" मामीनं विचारलं. मग माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोन हाये?"

मी सांगितलं. सांगताना रडले. मामी पदराआड हसत होती.

"येडे, मंग रडतं कायले? तो राठोड, तू पवार. जमते की! मामाले सांगू का?"

"नको मामी! त्याले वाटते मी राठोड हावो. भेन म्हनते मले."

मामीचं हसू थांबलं. "अन् तू सांगितलं नाई? किती दिवस?"

"एक महिना..."

"रुपी, उद्याच्या उद्या सांग," मामी म्हणाली. "तुह्ये बापू तीज झाली का तुले घ्याले येऊन राह्यले. राजूरले एक स्थळ पायलं हाये त्यायनं."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. रात्रभर मी वाक्य जुळवत होते. धावजी, एक सांगायचं हाये. धावजी, रागावू नको. धावजी, मी तुही भेन नाई, अन् मले तुही भेन व्हायचंच नाई...

दुसऱ्या दिवशी मी नदीवर पोचले, आणि नेमका त्याच वेळी गळाला हिसका बसला.

दोरी अशी ताणली, की काठी कमानीसारखी वाकली. धावजी कंबरभर पाण्यात. मी काठावरून ओरडत होते, "ढिल दे! ढिल दे!" तो ऐकत होता, सोडत होता, ओढत होता. अखेर शिंगाळा वर आला. काळपट, गुळगुळीत, लांब मिशांचा, माझ्या हाताएवढा लांब. त्याच्या तोंडात आमचं निळं गांडूळ होतं आणि वळ्यांत अजून कापूस अडकलेला. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत सुटलो. आणि त्या आनंदात धावजीनं माशाला नको तिथं धरलं. शिंगाळ्याच्या कल्ल्यामागं काटा असतो, तो सरळ त्याच्या तळहातात घुसला.

मी धावतच गेले. त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला, काटा लागला होता तिथं दाबलं, रक्त काढलं, फुंकर मारली. शिंगाळ्याचा काटा फार ठणकतो, बाप्या माणसांनाही रडवतो. पण तो रडत नव्हता की ओरडत नव्हता. तो माझ्या हातांकडे पाहत होता. मी वर पाहिलं... आणि त्यानं हात हिसकून घेतला, विस्तवावरून घ्यावा तसा.

भावानं असा हात ओढून घेतला नसता. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि इतकं सुख झालं, की रात्रभर जुळवलेलं वाक्य पार विसरून गेले.

तो पाठ फिरवून उभा होता. पाण्याकडे तोंड करून बोलला.

"रुपी, या तिजेले मी येईन तुह्या तांड्यात. मले सख्खी भेन नाई. माह्या पागोट्यात आजवर कोनी तीज खोवली नाई. तू खोव." त्यानं ठणकणारा हात मुठीत आवळला. "खोवशील ना? एकदा खोवली, का मंग... मंग सारं बरोबर होऊन जाईन."

मी काही म्हणायच्या आत मासा तिथंच टाकून तो निघून गेला. आणि तीज होईपर्यंत नदीवर फिरकलाच नाही.

आमच्या तांड्यात तीज म्हणजे कुमारिकांचा सण. टोपल्यांत काळी माती आणि खत भरून गहू पेरायचा, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालायचं. गहू पिवळाधमक, वीतभर वाढतो. शेवटच्या दिवशी वाजतगाजत टोपल्या नदीवर न्यायच्या, आणि विसर्जनाआधी ते कोवळे तुरे खुडून आपापल्या भावांच्या पागोट्यात खोवायचे. ज्याच्या पागोट्यात खोवला, तो भाऊ, मग त्याचं गोत कुठलं का असेना. सगळ्या तांड्यासमोर, नाईकासमोर. त्यात मागे-पुढे होणं नाही.

नऊ दिवस मी त्या गव्हाला पाणी घातलं आणि नऊ दिवस देवाला म्हटलं, की हा उगवलाच नाही तर बरं. तर माझीच टोपली सगळ्यांत दाट! पोरी म्हणायच्या, रुपीचा भाऊ नशीबवान. मी ओठ चावायची. त्याला निरोप धाडावा तर कुणाबरोबर? आणि काय म्हणून? सांगणं माझंच होतं, आणि मी ते उद्यावर ढकलत इथपर्यंत आणलं होतं.

तो आला. नवं लाल पागोटं बांधून, एकटाच. डोळे खोल गेलेले. मामानं त्याला तांड्यातल्या राठोडांच्या रांगेत उभं केलं. "पल्याडच्या तांड्यातला भाऊ हाये आपला," म्हणाला. ढोल वाजत होता. पोरी एकेकाच्या पागोट्यात तुरे खोवत पुढं सरकत होत्या. मी मामाच्या पोरांना खोवले, शेजारच्या तिघांना खोवले... आणि धावजीसमोर येऊन उभी राहिले.

त्यानं मान खाली घातली. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते. दात उपटून घ्यायला बसलेल्या माणसासारखा तो उभा होता. माझ्या हातात तुरा होता. हात उचलला तर जन्माचा भाऊ. नाही उचलला, तर परगावच्या पाहुण्याचा भर तांड्यासमोर अपमान, आणि माझं खोटं चव्हाट्यावर.

मी हात खाली घेतला.

ढोलवाल्याची काडी चुकली. बायका कुजबुजल्या. मामा पुढं आला. "रुपी! काय झालं? पाव्हना ताटकळून राह्यला!"

"याच्या पागोट्यात मी नाई खोवनार, मामा."

"काहून?"

माझा आवाज कसा कोण जाणे खणखणीत निघाला. "हा माहा भाऊ नाई. हा राठोड, अन् मी पवार."

धावजीनं डोळे उघडले. मी त्या डोळ्यांत आयुष्यात एकदाच तसं पाहिलं. काही समजत नसलेलं, आणि समजू लागलेलं.

"तू... राठोड नाई?"

"नाई. नाईक माह्ये मामा हायेत."

"पयल्या दिसापासून?"

"जन्मापासून," मी म्हणाले.

कुणीतरी म्हातारी खुदकन हसली. मग दोघी, मग सगळ्याच. हसायला नको होतं. धावजीचा चेहरा पागोट्याहून लाल झाला. त्यानं मामाला वाकून नमस्कार केला, वळला आणि ओसरलेल्या पाण्यात उतरून पल्याड चालायला लागला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मी उरलेले तुरे नदीत सोडले आणि तिथंच वाळूवर बसून रडले. सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.

एक दिवस गेला. दोन गेले. बापूंची चिठ्ठी आली, की उद्या पोचतो, सामान बांधून ठेवा. मामीनं माझे कपडे घडी करून पेटीत घातले आणि बकऱ्यांची दोरी माझ्या हातात दिली. "जा," एवढंच म्हणाली.

तो उतारावर होता. गळ टाकून बसलेला. मी शेजारी उभी राहिले तरी मान वळवली नाही. दोरीचं टोक काठाजवळ तरंगत होतं. गळाला काहीच लावलेलं नव्हतं, ना गांडूळ ना लगदा.

"धावजी..."

"हसत होती का तू माह्यावर? दोन महिने?"

"नाई! कधीच नाई."

"मंग काहून नाई सांगितलं?"

"तू बसला म्हनून," मी म्हणाले. रडू येत होतं, येऊ दिलं. "भेन समजला तं तू बसला, बोलला, माह्याकडे पायलं. पवार म्हनली असती तं तू निघून गेला असता. मले तू जायला नको होता... पयल्याच दिवशी नको होता. चुकी माही हाये. पूरी माही. पन खोटं मी थट्टेनं नाई ठेवलं."

मग तो दोरीकडे पाहतच बोलायला लागला, हळूहळू, एकेक शब्द ओढून काढत.

"मी रोज आपल्या देवाची, सेवाभायाची, माफी मागत होतो. सकाळी एकदा, झोपताना एकदा. म्हनलं, भेन हाये ते, अन् माह्या डोक्यात हे कसं पाप शिरलं? आठ सोमवार उपास धरले, रुपी. निर्जळी. मायले वाटलं मले कावीळ झाली. अन् तरी दुपार झाली का पाय इकडेच... मले वाटलं तीज खोवली का सुटलो. त्या दिवशी डोळे मिटून मी देवाले म्हनत होतो, का आता तरी माह्या मनातून काढ तिले." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. "अन् तू म्हनतं, जन्मापासून पवार! माह्ये आठ सोमवार?"

मला हसू फुटलं, रडता रडता. काय करू, फुटलंच. क्षणभर तो तसाच रागानं पाहत राहिला... आणि मग त्याच्याही ओठांचे कोपरे हलले. त्यानं तोंड फिरवून लपवायचा प्रयत्न केला, पण खांदे हलत होते.

"सोमवार मी करतो तुह्ये," मी म्हणाले. "आठाचे सोळा करतो. पन बापू उद्या येऊन राह्यले, धावजी. राजूरले नेतीन मले. तिथं स्थळ पायलं हाये."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. गळाची काठी त्यानं वाळूत टाकली आणि उभा राहिला.

"आज उपास नाई माहा," तो म्हणाला. "ढाणकीले जातो, गूळ आनतो. बा-ले घेऊन उद्या सकाळी येतो. पन आधी तुले इचारतो... खरं सांगजो यावेळेस. मी आवडतो का तुले?"

"लय," मी म्हणाले. "रेनकोट शिजवत होता तवापासून."

तो हसला, धावतच निघाला, आणि पन्नास पावलांवरून परत आला, कारण ढाणकीची वाट दुसऱ्या बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी मामाच्या ओट्यावर घोंगड्या अंथरल्या. एकीकडे माझे बापू, प्रवासानं थकलेले आणि काही न उमगलेले. समोर फुलसिंगबा, मधोमध गुळाची ढेप. आमच्यात गूळ खाल्ला म्हणजे सगाई पक्की, पण त्याआधी पंचांसमोर दोन्हीकडचं गोत मोठ्यानं सांगायचं असतं. मी दाराआड उभी, मामी माझा दंड धरून.

"पोरगा कोन्या गोताचा?" मामानं नाईकाच्या आवाजात विचारलं.

"राठोड," फुलसिंगबा म्हणाले.

"अन् पोरगी?"

"पवार," बापू म्हणाले.

मामा गुळाला हात घालणार, तेवढ्यात धावजी पुढं सरकला. नवऱ्या मुलानं बोलायची रीत नाही, पण तो बोलला.

"अजून एक डाव सांगा."

बापू चमकले. "पवार," ते जरा जोरात म्हणाले.

"अजून एक डाव, बापू. लय दिवस झाले, आइकलं नाई."

ओटा हसण्यानं भरून गेला. मामा पोट धरून हसत होता, मामीनं पदर तोंडात कोंबला होता. बापूंना काहीच कळलं नाही. पण समोरच्या पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तेवढं त्यांना पुरलं असावं. त्यांनी स्वतःच्या हातानं गुळाचा खडा फोडला, धावजीच्या तोंडात घातला आणि म्हणाले, "पवार, बाबा, पवार! माह्या बापाचा बाप बी पवारच होता."